वाकल्याशिवाय न दिसणारी घरं

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मिलबर्न नावाचं गाव आहे. न्यूयॉर्कहून लोकल गाडीने तासाभराच्या आत तिथे पोचता येतं. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर साउथ माउंटन रिझर्व्हेशन हे सुमारे २,००० एकरांचं रानउद्यान सुरू होतं. त्यातल्या लोकस्ट ग्रोव्ह या सहलीच्या जागेजवळून एक पायवाट झाडीत शिरते. सुरुवातीला वेगळं काही दिसत नाही. ओक आणि बीचची उंच झाडं, खाली पाचोळा, मधूनच पाण्याचा आवाज. मोठी माणसं बोलत बोलत पुढे जातात. बरोबरचं पाच-सहा वर्षांचं पोर मात्र मध्येच थांबतं, उकिडवं बसतं, एका झाडाच्या बुंध्याशी तोंड नेतं आणि ओरडतं, “अगं आई, इथे कुणीतरी राहतं!”

आई वाकते, तेव्हा कुठे तिला दिसतं. दोन मुळांच्या बेचक्यात काटक्यांची भिंत आहे, वर सालीचं उतरतं छप्पर आणि समोर वीतभरही उंची नसलेलं दार. दारात ओकच्या फळाची टोपी पाण्याच्या वाटीसारखी ठेवलेली. पाइनच्या शंकूचे खवले एकावर एक बसवून कौलं केलेली. सगळं रानात गळून पडलेल्या वस्तूंचं. त्यामुळे उभ्याने पाहणाऱ्याला हे घर पाचोळ्यातून वेगळं काढताच येत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत अशा वाटेला ‘फेअरी ट्रेल’ म्हणतात. आपण तिला पऱ्यांची पायवाट म्हणू. इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या कितीतरी गावांच्या उद्यानांत अशा वाटा आहेत, आणि त्या बहुधा तिथल्याच रहिवाशांनी केलेल्या असतात: शिक्षिका, आजी-आजोबा, बालवाडीतली मुलं, उद्यानाचे स्वयंसेवक. वरवर हा मुलांचा खेळ वाटतो. पण थोडं खोलात गेलं की लक्षात येतं, इथे घर बांधणं हे सगळ्यांत सोपं काम आहे. रानाने टाकून दिलेल्यातूनच ते बांधायचं आणि वेळ झाली की रानाला परत करायचं, हे अवघड. पऱ्यांच्या वाटेचं बरंवाईट ठरतं ते इथे.

गुपचूप बसवलेलं दार

साउथ माउंटन ज्या एसेक्स काउंटीत आहे, तिथली उद्यानव्यवस्था १८९५ सालची. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं प्रशासन. काउंटीने चालवलेली ही अमेरिकेतली पहिली उद्यानव्यवस्था. या रानाची आखणी ओल्मस्टेड बंधूंच्या कचेरीने केली. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्याने आखलं, त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडचे हे वारस. पऱ्यांची वाट मात्र कुठल्याच आराखड्यात नव्हती. विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने सुमारे दीड दशकापूर्वी वाटेच्या कडेला अशी घरं करून ठेवायला सुरुवात केली. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती सापडू लागली, मुलं पुन्हा पुन्हा येऊ लागली. पुढे त्या शिक्षिका दुसरीकडे राहायला गेल्या, तेव्हा स्थानिक स्वयंसेवकांनी वाट सांभाळायला घेतली. आज ती त्या उद्यानाची ओळख झाली आहे.

बऱ्याच वाटांची सुरुवात अशीच गुपचूप झालेली आढळते. कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्क या शहरात ओढ्याकाठच्या रस्त्यालगत झाडांच्या ढोल्यांना एकाएकी चिमुकली दारं दिसू लागली. आत बिछाना, टेबल, खुर्ची. कोण करतंय, हे बरेच दिवस कुणालाच कळेना. लोक तिथे पऱ्यांसाठी चिठ्ठ्या ठेवू लागले. एक घर तर आजाराने गेलेल्या एका लहान मुलीच्या आठवणीसाठी केलं गेलं. एक आई आपल्या मुलांना घेऊन हे सगळं करत होती, असं पुढे उघड झालं. ‘द नोमिस्ट’ हा २०१५ सालचा माहितीपट याच घरांवर आहे. मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात २००५ पासून दुकानांच्या, कॅफेच्या भिंतींना तळाशी अशी दारं दिसू लागली. ती जोनाथन राइट या चित्रकाराची करामत होती. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागातही एक दार आहे.

हा गुपचूपपणा आजचा नाही. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधला पीटर पॅनचा पुतळा लेखक जे. एम. बॅरी यांनी १९१२ मध्ये एका रात्रीत बसवून घेतला. १ मेच्या सकाळी बागेत आलेल्या मुलांना तो जादूने उगवल्यासारखा वाटावा, एवढाच त्यामागचा हेतू. सापडण्यातली मजा दाखवण्यात येत नाही, हे बॅरींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून चांगल्या वाटेवर पाटी नसते, बाण नसतात. मुलाने स्वतः शोधावं म्हणून घर मुद्दाम थोडं आड बसवलेलं असतं.

मेलेल्या झाडाचा संसार

त्याच केन्सिंग्टन गार्डन्समध्ये पऱ्यांच्या घराचा एक जुना आणि देखणा नमुना आहे. रिचमंड पार्कमधल्या एका ओकचं वठलेलं खोड १९२८ मध्ये इथे आणून उभं केलं. ते झाड सुमारे ९०० वर्षांचं असल्याचं सांगतात. आयव्हर इनेस या चित्रकाराने पुढची दोन वर्षं त्या खोडाच्या भेगा, गाठी आणि पोकळ्या पाहून त्यांत पऱ्या, बुटके आणि प्राणी कोरले, रंगवले. हकलबेरी नावाचा एक बुटका फळं घेऊन जिना चढतो आहे. वूकी नावाची चेटकीण आरोग्य, संपत्ती आणि सुख यांच्या तीन बरण्या सांभाळते आहे. ‘एल्फिन ओक’ या नावाने हे खोड प्रसिद्ध झालं. कालांतराने लाकूड कुजू लागलं, रंग उडाले. १९६०च्या दशकात स्पाइक मिलिगन या विनोदी नटाने पुढाकार घेऊन त्याची दुरुस्ती केली. १९९७ मध्ये सरकारने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. आज त्याच्याभोवती जाळी आहे आणि मुलं जाळीला नाक लावून आत पाहतात.

एल्फिन ओकवरून स्फूर्ती घेऊन ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये ओला कोह्न या शिल्पकार बाईंनी १९३१ ते १९३४ या काळात फिट्झरॉय गार्डन्समधल्या एका रेड गमच्या खोडावर पऱ्या कोरल्या. रेड गम ही निलगिरीच्या कुळातली जात, आणि हे झाड ३०० वर्षांहून जुनं. कोह्नबाईंनी त्यावर इंग्लंडच्या पऱ्यांबरोबर ऑस्ट्रेलियाच्या रानातले प्राणी-पक्षीही बसवले आणि हे काम शहरातल्या मुलांना भेट दिलं. १९७७ मध्ये कूज थांबवण्यासाठी ते खोड जमिनीपासून सोडवलं, तेव्हा आतल्या पोकळीत एक मेलेला पॉसम सापडला. पॉसम म्हणजे झाडावर राहणारा, मांजराएवढा, पोटाला पिशवी असलेला प्राणी. तो कुजला नव्हता, जसाच्या तसा सुकून राहिला होता.

मला या सगळ्या कहाणीत तो पॉसम फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या बाजूला माणसांनी पऱ्यांचं घर कोरलं, पण आतली जागा एका खऱ्या जिवाने कधीचीच आपली केलेली होती. बुंध्यातली कुठलीही ढोली रिकामी दिसते, तेवढी रिकामी नसते. पऱ्यांची वाट करणाऱ्याने मनाशी पहिली खूणगाठ बांधावी ती हीच.

परी पूर्वी गोड नव्हती

पंख असलेली, हातात कांडी घेतलेली नाजूक परी ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांची आणि मुलांच्या पुस्तकांची देणगी आहे. त्याआधी आयर्लंडमधला शेतकरी पऱ्यांना भिऊन असे. त्यांचं नाव थेट घेत नसत. ‘भली माणसं’ म्हणत. आपल्याकडे खेड्यात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात, साप चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. तीच ही रीत. ज्याची भीती, त्याला गोड नावाने हाक.

आयर्लंडच्या शेतांत मातीच्या बांधांची जुनी गोल वर्तुळं हजारोंनी आहेत. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ती शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांची कुंपणं. पण लोक त्यांना पऱ्यांचे गड समजत आणि त्यांवर नांगर घालायला धजत नसत. एकट्या उभ्या असलेल्या हॉथॉर्नच्या झुडपालाही कुऱ्हाड लावत नसत. ही श्रद्धा अगदी अलीकडे कामाला आली. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथे नव्या महामार्गाच्या आड एक हॉथॉर्न येत होतं. एडी लेनिहन या कथेकऱ्याने ते पऱ्यांचं झाड असल्याचं सांगून मोहीम उघडली, वर्तमानपत्रांतून लिहिलं, आणि झुडूप वाचलं.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘परी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, पण पाण्याकाठच्या साती आसरा आपल्या मातीतल्या आहेत. ‘आसरा’ म्हणजे अप्सरा. ओढ्याच्या डोहाशी, विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसले की माणूस आवाज खाली आणतो. कोकणात प्रत्येक वाडीला राखणदार असतो, गोव्यात देवचार. आणि देवराई तर आहेच. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यानंतर या श्रद्धेने किती झाडं आणि जाती जपल्या आहेत हे अभ्यासकांच्या ध्यानात आलं. अनेक देवरायांत वाळलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा दंडक असे.

मिलबर्नच्या मुलाला देवाची किंवा आसरांची भीती नाही. त्याला फक्त कुतूहल आहे. भीतीने जे राखलं जायचं ते आता कुतूहलाने राखलं जाईल का, हा प्रश्न या गोजिरवाण्या वाटेखाली दडलेला आहे.

काटकीची किंमत

मुलांना अशी घरं इतकी का भावतात? लँडस्केप वास्तुरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांनी पाहिलं होतं की, मुलांना आखीव खेळघरापेक्षा बांधकामाच्या जागेवरच्या फळ्या आणि विटा जास्त आवडतात. जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनमध्ये, एमड्रुप इथे, १९४३ मध्ये त्यांच्या कल्पनेतून भंगाराचं क्रीडांगण उभं राहिलं. मुलांनी हातोडे घेऊन स्वतःच घरं बांधायची. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन या ब्रिटिश कलाशिक्षकाने या विचाराला ‘सुट्या भागांचा सिद्धान्त’ असं रूप दिलं. त्याचं म्हणणं सोपं आहे: भोवती जितक्या सुट्या, हलवता-जोडता येणाऱ्या वस्तू, तितकी मुलाच्या डोक्याला चालना. प्लास्टिकची घसरगुंडी एकच काम करते. काटकी मात्र खांब होते, कुंपण होते, तुळई होते, चूलही होते.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९३ मध्ये मुलांच्या ‘खास जागां’वर पुस्तक लिहिलं. प्राथमिक शाळेच्या वयात मुलं झुडपाआड, झाडाखाली आपला अड्डा बांधतात, त्याला दार ठेवतात, मोठ्यांना प्रवेश नाकारतात. घराबाहेर पहिलं पाऊल टाकताना त्यांना आपल्या मापाचं दुसरं घर लागतं, असं सोबेल यांचं निरीक्षण.

आपल्याकडे भातुकली आहे आणि दिवाळीतला किल्ला आहे. विटांवर गोणपाट टाकायचं, वर चिखल थापायचा, आळीव पेरून हिरवळ उगवायची, मातीचे मावळे उभे करायचे. दिवाळी सरली की किल्ला मोडायचा आणि माती परत अंगणात. न्यू जर्सीतल्याच एडिसन या गावापासून साउथ माउंटन मोटारीने तासाभराच्या आत. त्या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. ज्या मुलाने आजोबांबरोबर एकदा किल्ला केला आहे, त्याला ही घरं समजावून सांगावी लागत नाहीत. आणि मोडण्याचं दुःख करायचं नसतं, हेही त्याला आधीच ठाऊक असतं.

खिळा झाडाला काय करतो

आता दुसरी बाजू. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात वेफर्ड वुड्स हे छोटं रान आहे. तिथे कुणीतरी एका झाडाच्या बुंध्याला एक दार लावलं. मुलं हरखली, दारात चिठ्ठ्या ठेवू लागली. मग दुसऱ्या कुणी लावलं, मग तिसऱ्याने. २०१५ पर्यंत दारांची संख्या २०० च्या वर गेली. चमकत्या रंगांची, प्लास्टिकची, दुकानातून आणलेली. रान सांभाळणाऱ्या विश्वस्तांनी अखेर नव्या दारांवर बंदी घातली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी मौजेची म्हणून छापली. मला ती मौजेची वाटत नाही. प्रत्येकाने प्रेमानेच एकेक दार आणलं होतं.

झाडाच्या बाजूने हे पाहायला हवं. सालीच्या लगेच खाली पानांत तयार झालेली साखर मुळांकडे नेणाऱ्या नळ्या असतात. त्याच्या आत एक अतिशय पातळ, जिवंत थर असतो. याच थरामुळे खोड वर्षागणिक जाड होतं. खिळा हे सगळं भेदून आत जातो आणि बुरशीला वाट मोकळी करून देतो. आपली जखम भरते, तशी झाडाची भरत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये मांडलं की, झाड जखमेच्या भोवती भिंती उभ्या करून तो भाग वेगळा टाकतं आणि त्याच्यावरून नवं लाकूड वाढवतं. खराब भाग आयुष्यभर आतच राहतो. एखाद-दुसऱ्या खिळ्याने मोठं झाड मरत नाही, पण दोनशे दारं म्हणजे किती खिळे?

आणखी एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. खोड जाडीने वाढतं, पण जमिनीपासून हातभर उंचीवर ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनीही हातभर उंचीवरच राहतो, कारण झाडाची उंची शेंड्याकडे वाढते. त्यामुळे बुंध्याला ठोकलेलं दार वर सरकत नाही. मागून फुगणाऱ्या खोडाच्या रेट्याने ते तडकतं, नाहीतर साल त्याला गिळते. पुढे कधी ते झाड कापावं लागलं, तर आत दडलेल्या खिळ्यावर यांत्रिक करवतीची साखळी तुटून कापणाऱ्याला इजा होऊ शकते.

धोका पायांचाही आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात. एका लोकप्रिय दाराशी रोज शंभर माणसं उभी राहिली, की माती दाबली जाते, तिच्यातली हवा जाते, पाणी मुरायचं थांबतं. म्हणून घर नेहमी मळलेल्या वाटेला लागून असावं, हात लांबवला की पोचावा इतकं. आत दहा पावलांवर बांधलेलं घर मुलांना जास्त गूढ वाटेल, पण महिन्याभरात तिथे नवी पायवाट पडेल.

मनहेगनचा धडा

मेन राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावर मनहेगन हे चिमुकलं बेट आहे. एडवर्ड हॉपर, रॉकवेल केंट यांच्यासारखे चित्रकार तिथे जाऊन राहिले. कलावंतांचं बेट म्हणून ते ओळखलं जातं. तिथल्या कॅथीड्रल वुड्स या स्प्रूसच्या दाट रानात पऱ्यांची घरं बांधण्याची प्रथा कितीतरी पिढ्यांची आहे. ट्रेसी केन यांनी मुलांसाठी लिहिलेलं ‘फेअरी हाउसेस’ हे पुस्तक याच बेटावरून सुचलं. त्याच्यामुळे ही आवड अमेरिकाभर पसरली.

बेटावरचं रान मनहेगन असोसिएट्स ही संस्था सांभाळते. तिची स्थापना १९५४ मध्ये थिओडोर एडिसन यांनी केली. विजेच्या दिव्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या थॉमस एडिसन यांचे ते पुत्र. पाहुणे वाढले तसं रानाची जपणूक करणाऱ्यांना एक गोष्ट सलू लागली. घराला हिरवंगार अंगण हवं म्हणून लोक जिवंत शेवाळ खरवडून आणत होते. शेवाळाला खरी मुळं नसतात. ओंडक्यावर, खडकावर ते वर्षानुवर्षं इंच इंच पसरतं, आणि मुलाच्या एका ओंजळीत ते सहज उचलून येतं. म्हणून तिथे सांगणं आहे: जिवंत काही तोडायचं नाही, उपटायचं नाही, बाहेरून काही आणायचं नाही. पडलेलं, वाळलेलं, सुटलेलं तेवढं आपलं.

ओंडक्याखालचा शेजारी

‘पडलेलं’ हेसुद्धा जपून उचलायचं असतं. न्यू जर्सीच्या रानात ओंडक्याखाली लाल पाठीचा सॅलमँडर राहतो. बोटाएवढा लांब, सडपातळ, पाठीवर विटकरी पट्टा. हा बेडकाच्या दूरच्या नात्यातला प्राणी. त्याला फुप्फुसं नसतात. तो ओल्या कातडीतून श्वास घेतो. कातडी वाळली की श्वास संपला. त्याला ओंडक्याखालची ती दमट सावली लागतेच. घराच्या भिंतीसाठी आपण तो ओंडका उचलला, तर एका नसलेल्या परीला घर देताना एका असलेल्या जिवाचं घर आपण काढून घेतलं. म्हणून काटक्या बोटाएवढ्या जाडीच्याच घ्याव्यात आणि मनगटाहून जाड काहीही जागेवरून हलवू नये.

इंग्लंडात हीच गोष्ट स्टॅग बीटल या मोठ्या भुंग्याची. त्याची अळी जमिनीतलं कुजकं लाकूड खात तीन ते सात वर्षं काढते. एल्फिन ओकचं खोड ज्या रिचमंड पार्कातून आणलं, ते आज या भुंग्याच्या हक्काच्या ठिकाणांपैकी एक आहे, कारण तिथे मेलेलं लाकूड आता पडू दिलं जातं. बागेचा माळी ज्याला कचरा म्हणेल, ते कितीतरी जिवांचं पाळणाघर असतं.

पऱ्यांच्या दारासाठी एकदा खाली वाकलेलं मूल दारावरून नजर सरकवतं तेव्हा त्याला हे शेजारी दिसतात. गोगलगाय, मुंग्यांची रांग, सालीवरची चंदेरी बुरशी. ज्या वाटेवर प्लास्टिकची चमकती बाहुली ठेवलेली असते, तिथे नजर बाहुलीवरच थांबते. घर जेवढं रानासारखं, तेवढी नजर रानाकडे वळते. हा माझा अंदाज नाही, कुणाही मुलाला दोन्ही घरांसमोर बसवून पाहावं.

गावाने वाट करायची तर

पहिलं काम परवानगीचं. उद्यान सांभाळणाऱ्या विभागाशी बोलून, झाडं ओळखणाऱ्या माणसाबरोबर एक फेरी मारावी. पोखरलेली, वाळक्या फांद्या लोंबत असलेली झाडं वगळावीत, कारण खाली मुलं रेंगाळणार आहेत. पक्ष्याचं घरटं, खारीची ढोली असेल तर तेही झाड सोडावं. मग घरांची संख्या ठरवावी आणि ती कमीच ठेवावी. छोट्या वाटेला दहा-बारा घरं पुरतात. खरी कसोटी असते तेराव्या इच्छुकाला नाही म्हणण्याची. त्याऐवजी जुनं मोडलेलं घर नव्याने बांधायची पाळी त्याला द्यावी.

बांधताना खिळा, गोंद, तार, चकाकी काही नको. पायासाठी दोन मुळांमधला खळगा निवडावा, म्हणजे झाडाला न टेकताच घर उभं राहतं. भिंतीच्या काटक्या मातीत थोड्या खोचाव्यात, मधल्या फटी पाचोळ्याने भराव्यात, छपराला आपोआप सुटलेली साल घ्यावी. बियांच्या टोप्या, पिसं, गोटे ही आतली सजावट. न्यू जर्सीत तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही ओळखता आली पाहिजे, नाहीतर वेल म्हणून गोळा केलेली फांदी हातावर पुरळ उठवेल. पाचोळ्यात बसून आल्यावर मुलांच्या पायांवर, कानामागे गोचीड पाहावी. लाइम रोग तिच्यामुळेच होतो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाटेला एक वही असावी. कोणतं घर कुणाकडे, कधी बांधलं, कधी पाहिलं, कधी उतरवायचं, हे तिच्यात. उत्साहाने सुरू झालेल्या वाटा दुसऱ्या वर्षी केविलवाण्या होतात त्या बहुधा या वहीवाचून. साउथ माउंटनची वाट पहिली शिक्षिका गेल्यावरही राहिली, कारण तिच्यामागे दुसरी माणसं उभी राहिली. एवढं तिथून नक्की शिकता येतं.

अशा घराचं आयुष्य मोसमाचं असतं. पहिल्या मोठ्या पावसात छपराची एक बाजू घसरते. खार दारातली बी घेऊन जाते, ती तशी तिचीच होती. शरदात वरून नवी पानं पडतात आणि अंगण झाकलं जातं. जानेवारीच्या बर्फाखाली भिंत सपाट होते. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर तेच मूल पुन्हा येतं, त्याच बुंध्याशी बसतं. घर नसतं. ओली साल पडलेली असते, आणि तिच्या कडेने एक विटकरी पट्टा सरपटत आत जातो.

“आई, घर पडलं,” ते म्हणतं. मग साल उचलायला हात पुढे करतं, आणि थांबतं. “राहू दे. आत कुणीतरी आहे.”